सलाम फिरेपर्यंत

"थांबा गं बायांनो, दाटी नका करू. सलाम फिरायचाय अजून."

बद्रुन्निसा फुफीचा, नाझनीनच्या आत्याचा आवाज. मिश्रीनं जरासा खरवडलेला, पण बुडाशी ओलावा असलेला. फुफी जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी नाझनीनला तो अधूनमधून ऐकू येतो, आणि येतो तोही भलत्याच ठिकाणी. वर्गातल्या पोरींचा गलका वाढला की येतो, गॅस एजन्सीच्या रांगेत येतो. धामणवेढ्याच्या मशिदीला पुढे काळ्या दगडाची एक लांब पायरी होती. दिवस कलला की शेतातून परतणाऱ्या बाया त्या पायरीपाशी थबकायच्या, कडेवर, खांद्यावर लेकरं घेऊन. कुणाचं तापलेलं, कुणाचं झोपेत दचकणारं, कुणाचं नुसतंच किरकिरं. मराठ्यांच्या, माळ्यांच्या, वंजाऱ्यांच्या, बौद्धवस्तीतल्या, तांबोळ्यांच्या आणि पिंजाऱ्यांच्याही. आत मगरिबची नमाज चालू असायची. नमाज संपताना माणूस आधी उजव्या खांद्याकडे तोंड फिरवतो, मग डाव्या, दोन्हीकडच्यांना सलाम करतो आणि मगच उठतो. तो सलाम फिरला की पुरुष एकेक करून बाहेर यायचे, कुणी रानातून तसाच आलेला, कुणी नुकताच दुकानाची फळी लावून, आणि पायरी उतरता उतरता प्रत्येक लेकराच्या कपाळावर हलकी फुंकर घालून जायचे. बस, एवढंच. कुणी काही देत नसे, कुणी काही मागत नसे. आत म्हटलेले शब्द अजून ओठांवर ऊन आहेत, तोवर त्यांची वाफ लेकराला लागावी, इतकीच त्या बायांची श्रद्धा. फुफी त्या पायरीची राखणदारीण. कोणाचं लेकरू आधी, कोणाचं नंतर, हे ती ठरवायची, आणि वाट पाहताना बाया कंटाळू नयेत म्हणून जात्यावरचा गळा तिथंही लावायची:

दिस बुडाला बाई, उभी मशिदीच्या म्होर
फुंकर घाला बाबा, तापलं माझं पोर

फुंकर कशाची बाई, वारा लिंबाच्या झाडाचा
ताप पळाला बाई, माझ्या लाडाच्या लाडाचा

आज तो आवाज आला तो सावेडीतल्या अपार्टमेंटच्या जिन्यात, सकाळी, हातात दुधाच्या पिशव्या असताना. समोरच्या फ्लॅटमधली निकिता दाराला कुलूप लावत होती. तिच्या खांद्यावर चिऊ, दीड-दोन वर्षांची, गाल शेंदरासारखे, डोळे अर्धे मिटलेले. रात्रभर ताप हटला नाही ताई, डॉक्टरकडे निघालेय, असं निकिता म्हणत होती. नाझनीननं पिशव्या एका हातात घेतल्या, दुसरा चिऊच्या पाठीवर ठेवला आणि काही कळायच्या आत ती वाकली आणि त्या तापलेल्या कपाळावर तिनं फुंकर घातली. तिनं घातली असंही म्हणता येणार नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या तिच्या अंगात कुठेतरी ती पायरी होती, तिनं घातली. आणि निकिताचा खांदा मागे फिरला. फार नाही, वीतभर. जेवढ्यानं फुंकर कपाळाऐवजी भिंतीला लागेल तेवढाच. मग निकिता हसली आणि म्हणाली, "इन्फेक्शनचं असतं ना ताई, लहान आहे." नाझनीनही हसली. म्हणाली, "हो गं, बरोबर आहे तुझं."

बरोबरच होतं. तापलेल्या लेकरावर कुणी फुंकर घालू नये, हे नाझनीन स्वतः शाळेत आरोग्याच्या तासाला सांगते. निकिता चांगली मुलगी आहे. ईदला शीरखुर्मा मागून नेते, आणि डबा परत देताना रिकामा देत नाही. मग ती वीत कसली होती? दूध तापत ठेवलं तरी नाझनीन त्या वीतभर जागेतच उभी होती. तो खांदा इन्फेक्शनला भ्यायला की आणखी कशाला? गेल्या महिन्यापासून निकिताच्या मोबाईलवरही तोच व्हिडिओ आला असणार, जो शाळेतल्या स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या मोबाईलवर आला आणि नाझनीन आत शिरली की झटक्यात बंद झाला. धामणवेढ्याच्या मशिदीवरून पेटलेल्या वादाचा व्हिडिओ. तिच्या माहेरचा. दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली ओघळलं, ते पुसताना तिला वाटलं, विचारायला हवं होतं. तिथंच, जिन्यात, हसत हसत का होईना, विचारायला हवं होतं. पण ती म्हणाली, बरोबर आहे तुझं. आयुष्यभर ती हेच म्हणत आली आहे. कुणी पूर्ण बोलून होण्याआधीच समोरच्याची बाजू तिच्या तोंडात तयार असते, घडी घातलेल्या रुमालासारखी.

तेवढ्यात रिझवानचा फोन आला. रिझवान तिचा धाकटा भाऊ, गावीच असतो, टेम्पो चालवतो. दुपारी ग्रामपंचायतीत बैठक आहे, नायब तहसीलदार येणार आहेत, आज शेवटचं काय ते ठरेल, तू ये, असं तो म्हणत होता. दोन वर्षांपूर्वीच्या गारपिटीत मशिदीचे पत्रे फुटले, मागची भिंत बसली. लोकांनी तिथंच स्लॅब टाकायला काढला, आणि स्लॅबच्या सळया वर आल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की मशिदीच्या शेजारी, बोळ ओलांडला की, नाथबाबाची समाधी आहे. जणू ती काल रात्री तिथं आली. जागा संवेदनशील आहे, असं पहिल्यांदा बाहेरून आलेल्या माणसांनी म्हटलं, मग गावातल्या पोरांनी, मग वर्तमानपत्रानं, आणि आता साहेबही म्हणतात. काम थांबलं. मग तोडगा निघाला: गावाबाहेर, हायवेच्या पलीकडे, जुन्या वजनकाट्याजवळ पंचायतीची पडीक जागा आहे, ती मशिदीला द्यायची, आणि गावातली जागा मोकळी सोडायची. हिंदू घरांना पटलं. नवल म्हणजे मुसलमान घरांतल्या पोरांनाही पटलं, रिझवान तर खूश होता. फक्त एक अडचण होती. जुन्या मशिदीची देखभाल पिढ्यान् पिढ्या ज्या घराकडे होती, त्या घरातल्या म्हाताऱ्यानं सगळ्यांसमोर हो म्हणायला हवं होतं. तो म्हातारा म्हणजे त्यांचे अब्बा, हैदर. आणि ते हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. "तू समजावून सांग त्यांना, आपा," रिझवान म्हणाला. "तुझं ऐकतील. तू बोललीस की माणसाला आपोआप पटतं." तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि माळीवाड्याच्या स्टँडवर आली.

एसटीच्या पाटीवर जिल्ह्याचं नवं नाव होतं आणि कंडक्टरच्या तोंडी जुनंच. खिडकीपाशी बसून ती समजावून सांग या दोन शब्दांचा विचार करत होती. गेल्या पंधरवड्यात हेच शब्द तिला मुख्याध्यापकांनी सांगितले, आडून आडून. तुमच्यासारखी समंजस माणसं पुढं आली पाहिजेत मॅडम. तिच्या नवऱ्यानं, शाहबाजनं, सांगितले. कशाला वाढवायचं, एमआयडीसीत मला रोज दहा तोंडांना तोंड द्यावं लागतं, सांग अब्बांना. हर्षलनंही फोन करून सांगितले. हर्षल हा सरपंचांचा मुलगा, विरोध करणाऱ्या पोरांचा पुढारी, पण बोलायला इतका आदबशीर की रागही येऊ नये. नाझनीनताई, तुम्ही मराठीच्या शिक्षिका, तुमच्या भाषणाचे व्हिडिओ आम्ही पाहतो, आमचा मशिदीला विरोध नाहीच, फक्त जागेला आहे, तुम्ही समजावून सांगा. आणि तिनं प्रत्येकाला म्हटलं, हो, बघते, बरोबर आहे तुमचं. तिला वाटलं होतं, एक जण तरी असा निघेल की जो म्हणेल, नाझनीन, तुला काय वाटतं? पण तिला काही वाटत असेल हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. ती एक पन्हळ होती. इकडचं पाणी तिकडे न्यायचं आणि मधे आपली चव लागू द्यायची नाही. बाहेर माघाचं ऊन, शाळूची कणसं हुरड्याला आलेली, कांद्याच्या वाफ्यांवरून स्प्रिंकलरचं पाणी फिरत होतं. तिला एकदम वाटलं, खिडकीतून डोकं बाहेर काढून मोठ्यानं काहीतरी ओरडावं. पण शेजारी बसलेल्या बाईनं खिडकी थोडी लावता का, वारं लागतंय, असं म्हटल्यावर तिनं लगेच लावून घेतली.

आणि खरंच, काय वाटत होतं तिला? मशिदीत ती आयुष्यात कधी गेलेली नाही. त्या गावात बाया आत जात नसत. मशिदीचं आत कसं आहे हे तिला पत्र्याच्या फटीतून दिसलं तेवढंच ठाऊक, चटया, एक घड्याळ, कोनाड्यातली पुस्तकं. त्या आतल्या भागासाठी आता पुरुष पुरुषांशी भांडत होते. स्लॅब किती उंच, मिनार असावा की नसावा, भोंग्याचं तोंड कुठे. या सगळ्यात तिचं काय होतं? तिची फक्त पायरी होती. लहानपणी ती फुफीच्या मांडीला टेकून तिथं बसायची. बायांच्या ओच्यातले हरभऱ्याचे घाटे, शेंगा, बोरं तिच्या मुठीत यायची. एकीच्या लेकराला रात्री भीती वाटायची म्हणून ती रोज येऊ लागली होती, लंकाबाई, पाटलांच्या वस्तीवरची नवी सून. कडेवरचं पोर इतकं किंचाळायचं की फुफी म्हणायची, अगं ह्याला आधी पुढं घ्या, न्हाईतर हा नमाजीच पळवून लावंल. बाया खो खो हसायच्या. आतून कुणीतरी खाकरायचं, म्हणजे हसू आवरा. मग त्या पदर तोंडात कोंबून हसायच्या. ती जागा देवाची होती की नाही हे नाझनीनला सांगता आलं नसतं, पण बायांची होती. गावात बायांना थांबायला दुसरी जागा नव्हती. पारावर पुरुष, चावडीत पुरुष, समाधीच्या ओट्यावर पुरुष, मशिदीच्या आत पुरुष. शेतातून घराकडे जाणारी वाट नेमकी मशिदीपुढून जायची म्हणून बाया तिथं थांबू शकत होत्या. वाट वाकडी करावी लागत नव्हती, कुणाला विचारावं लागत नव्हतं. हायवेच्या पलीकडे, वजनकाट्याजवळ, तिन्हीसांजेला तापलेलं लेकरू घेऊन कोण बाई जाणार होती? उसाचे ट्रेलर ओलांडून? हे इतकं साधं होतं. आणि ते कुणाच्याही तोडग्यात नव्हतं.

तिनं एकदा रिझवानला फोनवर नुसतं विचारून पाहिलं होतं, नव्या जागी पुढे पायरी असेल ना रे, बायांसाठी? रिझवान म्हणाला होता, कंपाउंड वॉल असेल, लोखंडी गेट असेल, गाड्या लावायला जागा असेल. आणि ते फुंकरीचं आता नाहीच, आपा. नवीन इमामसाहेब म्हणतात ते दीनमध्ये, धर्मात बसत नाही, जाहिलपणा आहे, अडाणीपणा, आणि दारात बायकांची गर्दीही बरी दिसत नाही. तिकडे हर्षलच्या पोरांनी गावात सांगून ठेवलं होतं की आपल्या बायकांनी तिथं लेकरं न्यायची नाहीत. म्हणजे दोन्हीकडची माणसं, जी एकमेकांचं तोंड बघत नव्हती, या एका गोष्टीवर न बोलता एक झाली होती. तेव्हाही ती म्हणाली होती, हो, तेही बरोबर आहे म्हणा.

गावात उतरून ती आधी घरी न जाता मशिदीकडे गेली. बोळाच्या एका बाजूला नाथबाबाची समाधी, तिच्यावर नवी मोठी कमान, झुलणाऱ्या भगव्या पताका, दुसऱ्या बाजूला मशिदीच्या उघड्या भिंती आणि त्यांच्यातून वर आलेल्या, गंजायला लागलेल्या सळया. मधे लिंबाचं झाड, त्याखाली दोन पोलीस प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून भेळ खात होते. त्यातला एक म्हणाला, मॅडम, इकडं कुठं, बंदी आहे. तिनं सांगितलं, वडील आहेत माझे तिथं. पोलिसानं मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, ते व्हय, जावा की, सकाळधरनं बसल्येत बाबा, आमच्यातली भेळ पण घेईनात.

हैदर पायरीवर बसले होते. लिंबाची वाळलेली पानं हातानंच गोळा करून एका कडेला सारत होते. वारा ती पुन्हा पसरत होता आणि ते पुन्हा सारत होते. तिला बघून ते सरकले, तिला जागा झाली. जेवलीस का विचारलं, जावई कसे आहेत विचारलं. घरात ते दखनी बोलत, पण लेक शाळेत मराठी शिकवायला लागल्यापासून तिच्याशी हट्टानं गावची मराठी बोलायचे, आपल्याला ती येते हे तिला दाखवायला. मग ती वाट बघत होती की ते सुरुवात करतील, ते वाट बघत होते की ती करेल. शेवटी तेच म्हणाले, "रिझवाननं बोलावलंय ना तुला. काय सांगायला आलीस ते सांग."

ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं अब्बा?"

"मला?" ते हसले. खालचे दात पडले होते, हसू पोकळ निघालं. "आजवर समदे इचारून गेले, हो का न्हाई. वाटतं काय, हे तूच इचारलंस. पन तू बी इचारायचं म्हनून इचारलंस. तुला माझं उत्तर न्हाई पायजे. तुला जायचंय परत संध्याकाळच्या गाडीनं."

तिला लागलं. लागलं कारण खरं होतं. ती काही बोलणार तोवर तेच पुढं म्हणाले की आपण आता थकलो, पत्रे फुटले त्या रात्रीपासून झोप नीट नाही, पोरं म्हणतात हो म्हणा, साहेब म्हणतात हो म्हणा, भांडण झालं तर पोरंच मार खातील, पोरंच जेलात जातील. म्हातारं मरायला टेकलेलं, त्यानं कशाला आडवं यावं. पण जीभ उचलत नाही. "म्हनून मी ठरवलंय," ते म्हणाले, "तू सांगशील ते. तू हो म्हना म्हनालीस तर मी हो म्हनतो, न्हाई म्हनालीस तर न्हाई. पन हितं कानात न्हाई सांगायचं. तितं, समद्यांम्होरं सांग."

तिचं अंग तापलं. सगळ्यांनी आपापलं ओझं आणून तिच्या डोक्यावर ठेवावं आणि मग म्हणावं, बघा किती समंजस आहे. आता बापानंही. तिला त्यांना हलवून विचारावंसं वाटलं, मीच का? घर तुमचं, मशीद तुमची, गाव तुमचं, मी बाहेर गेलेली लेक, मी आत कधी पाऊल ठेवलेलं नाही, तुम्हीच ठेवू दिलं नाहीत, आणि आता मी सांगायचं? पण ते पुन्हा वाळली पानं एकेक करून कडेला सारू लागले होते. ती म्हणाली, चला, उशीर होतोय.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये भिंतीला लागून खुर्च्या, मधे टेबल. टेबलामागे नायब तहसीलदार, वयानं तरुण, डोळ्यांखाली जागरणाच्या पिशव्या, आणि त्यांच्या शेजारी सरपंचांची खुर्ची. सरपंच म्हणजे लंकाबाई. जागा महिलांसाठी राखीव होती म्हणून निवडून आलेल्या, आणि त्यांच्या खुर्चीच्या मागे हर्षल उभा, आईच्या वतीनं बोलायला. त्या पायरीवर रात्रीच्या भीतीनं किंचाळणारं, नमाजी पळवून लावील असं फुफी ज्याला म्हणायची, ते पोर हेच. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. गावातलं असं एक पोर नव्हतं, ज्याच्या कपाळाला ती वाफ लागली नव्हती, म्हणूनच कुणी त्याचं विशेष मानत नव्हतं. पाऊस सगळ्यांवर पडतो, त्याची आठवण कोण ठेवतं. हर्षल शांतपणे बोलला. आमच्या मनात द्वेष नाही, असं म्हणाला. समाधीचा परिसर मोठा करायचाय, यात्रेला लांबून लोक येतात, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? त्यापेक्षा आम्ही जास्त जागा देतोय, हायवेला लागून, भाव किती आहे तिथं तुम्हाला माहितीय. रिझवान उठून म्हणाला की आमच्या पोरांचंही हेच मत आहे, आम्हाला शांततेत नमाज पढायचीय, रोज पोलिसांच्या खुर्च्यांमधून नाही. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, मग अडलंय कुठं? दुसरा म्हणाला, म्हाताऱ्याच्या घशात. काही जण हसले. रिझवानही थोडा हसला, आणि ते नाझनीनला त्या वीतभर मागे सरलेल्या खांद्याइतकंच लागलं.

ती लंकाबाईंकडे बघत होती. लंकाबाईंनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता आणि टेबलावरच्या काचेखालच्या एका फोटोकडे एकटक बघत होत्या. एकदा, फक्त एकदा, त्यांनी मान वर केली. दोघींची नजर भेटली. बोला बाई, नाझनीन मनात म्हणाली, तुमचा अधिकार आहे, तुमची खुर्ची आहे, तुमचं पोर आहे, तुम्हीच बोला, तुम्ही बोललात तर कुणी तुम्हाला पाकिस्तानात जा म्हणणार नाही. तुम्ही त्या पायरीवर माझ्या फुफीच्या शेजारी बसून रडला होतात, सासू घरात रडू देत नव्हती म्हणून. सांगा की तिथं फक्त फुंकर नव्हती. लंकाबाईंचे ओठ हलले. सगळे थांबले, अगदी साहेबांनीही पेन खाली ठेवलं. हर्षल खुर्चीवर किंचित वाकला.

"चहा घ्या की समद्यांनी," लंकाबाई म्हणाल्या. "गार व्हतुय."

हॉलभर कपबशा वाजू लागल्या. नाझनीनला हसू आलं, रडूही आलं. हातातला कप तिला जड वाटला. किती वेळ ती त्या बाईच्या तोंडाकडे बघत बसली होती. निकितानं विचारावं, मुख्याध्यापकांनी ओळखावं, शाहबाजनं समजून घ्यावं, अब्बांनी ठरवावं, लंकाबाईंनी बोलावं. तिला जे वाटत होतं ते तिनं सोडून बाकी सगळ्यांनी म्हणावं, म्हणजे मग तिला वरून म्हणता येईल, हो, बरोबर आहे तुमचं. चहावर साय आली होती. त्या सायीखाली चहा थंडच होता, बाईनं सांगितलं तसा.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांचं पुढच्या गावीही असंच काही होतं. ते तिच्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, मॅडम, तुम्ही सुशिक्षित आहात, तुम्ही दोन्ही बाजू जाणता, आता तुम्हीच वडिलांना समजावून सांगा आणि विषय संपवू. रिझवाननं मान डोलावली. हर्षलनं मान डोलावली. हैदर खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, शाळेत नाव पुकारलं जायची वाट बघणाऱ्या मुलासारखे. नाझनीन उभी राहिली. नेहमीचं वाक्य जिभेवर आलंच होतं, घडी घातलेलं, स्वच्छ, अब्बा, काळ बदललाय, थोडं समजून घ्या. त्या वाक्यानं सगळे घरी गेले असते. संध्याकाळची गाडी मिळाली असती. उद्या स्टाफरूममध्ये कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली असती. तिनं टेबलाची कड धरली, आणि टेबल हललं, साहेबांच्या बशीत चहा सांडला.

"मी समजवायला आले नाही," ती म्हणाली. आवाज भाषणातला नव्हता. तो कुणाचा होता हे तिलाही कळलं नाही. रिझवान म्हणाला, आपा. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "आणि मला दोन्ही बाजू जाणून घ्यायच्या नाहीत आता. मला एकच कळतंय. हायवेपलीकडं बाया येणार नाहीत. तुम्हाला दोघांनाही त्या नकोच आहेत, म्हणून तुमचं इतकं चटकन जमलं."

हर्षल काहीतरी बोलायला लागला, ताई, विषय तो नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, बाई बसा खाली. लंकाबाईंचा पदर हलला नाही. नाझनीन बापाकडे वळली. ते तिच्याकडेच बघत होते, तिच्या ओठांकडे.

"अब्बा," ती म्हणाली, "हो म्हणू नका. मशीद तिथंच हवी. मला हवी."